कातळातली मेख

मराठीत 'मेख' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक साधासुधा: जमिनीत किंवा भिंतीत ठोकायची खुंटी. तंबूची मेख, बैल बांधायची मेख. दुसरा जरा बेरकी: "सगळं ठीक आहे हो, पण त्यात एक मेख आहे." प्रस्तरारोहण करणाऱ्या माणसाचा दोन्ही अर्थांशी संबंध येतो. पहिली मेख तो कातळात ठोकतो. दुसरी त्याच्या लक्षात येतेच असं नाही. आजचा लेख खरं तर या दुसरीबद्दल आहे, पण तिथवर पोचायला पहिलीचा इतिहास सांगावा लागेल. तेव्हा मंडळी, चहा घेऊनच बसा. प्रकरण लांबणार आहे.

निमित्त असं झालं. आमच्या टीममधली एक मुलगी हल्ली क्लाइंबिंगच्या नादाला लागली आहे. (नाद चांगला आहे, मलाही आहे.) ती परवा जेवताना म्हणाली, "मला हा खेळ आवडतो कारण यात निसर्गाचं काहीच बिघडत नाही. पेट्रोल नाही, गोंगाट नाही, मैदान सपाट करायला नको. दोर घ्यायचा, चढायचं, उतरायचं, घरी यायचं." ऐकायला किती छान वाटतं! आणि बऱ्याच अंशी खरंही आहे. पण नाशिकच्या आसपासच्या कड्यांना विचारलं तर ते काय सांगतील? कारण कडे काही विसरत नाहीत. आपण सर्व्हरचे लॉग महिन्याभराने पुसून टाकतो. कातळ हजार वर्षांचे लॉग सांभाळून ठेवतो.

आधी कातळाबद्दल थोडं. नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरी दिसतो. उंची सुमारे ४२०० फूट. पुढे ब्रह्मगिरी, त्याच्याही पुढे हरिहर. हा सगळा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत राहिला आणि त्याचे थरावर थर साचले. म्हणूनच आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, तो जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आता क्लाइंबरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे थर एकसारखे नाहीत. थराच्या पोटातला दगड घट्ट असतो. पण माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, त्यात पांढरी खनिजं भरलेली असतात, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो. तो तर हाताने उकरता येतो. म्हणजे एकाच कड्यावर तुम्हाला पन्नास फूट पोलादासारखा दगड मिळेल आणि वर दहा फूट भाकरीसारखा.

गंमत बघा. हनुमानाचा जन्म कुठे झाला यावर २०२२ मध्ये नाशिकला मोठा वाद रंगला होता. अंजनेरीचा दावा एका बाजूला आणि हंपीजवळच्या अंजनाद्रीचा दुसऱ्या बाजूला. त्या वादात मी पडत नाही, पण क्लाइंबर म्हणून दोन्ही जन्मस्थानांतला फरक मला चांगला ठाऊक आहे. अंजनाद्रीच्या भोवती ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे पसरलेत. दगड अब्जावधी वर्षांचा, खरखरीत, भरवशाचा. जगभरचे बोल्डरिंगवाले तिथे मुक्कामाला येतात. (बोल्डरिंग म्हणजे दोराशिवाय, दहा-पंधरा फुटी धोंड्यावर, खाली गादी टाकून चढणं.) आपल्या अंजनेरीला धोंडे आहेत ते कड्यावरून तुटून खाली आलेले. म्हणजे तिथला प्रत्येक बोल्डर ही एक सूचनाच आहे: "वरचा दगड सुटतो बरं का!" हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. या कातळाला पहिला हात लावला तो छिन्नी-हातोड्याने. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या काळातल्या कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी अख्खे विहार कोरले. गडांवर पाण्याची टाकी खोदली. आणि हरिहरला ती सुप्रसिद्ध शिडी कोरली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जवळजवळ उभ्या कड्यावर एका माणसापुरत्या रुंदीच्या पायऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना बोटं अडकवायला खोबण्या आहेत. गंमत अशी की आजच्या क्लाइंबिंगच्या नीतिनियमांत दगड तासून हाताला पकड तयार करणं हे सर्वांत मोठं पाप समजलं जातं. त्याला 'चिपिंग' म्हणतात आणि असं करणाऱ्याला कोणी पाण्याला विचारत नाही. आणि महाराष्ट्रातला सर्वांत लाडका चढ म्हणजे काय? तर दोनशेएक फूट शुद्ध चिपिंग!

पण यात एक शिस्त होती. वाट एकच होती. ती एकदाच कोरली आणि मग शेकडो वर्षं लोकांनी तीच वापरली. प्रत्येक पिढीने शेजारी आपली नवी शिडी कोरली नाही. हा मुद्दासुद्धा पुढे लागणार आहे.

दुसरा हात लागला तो सुरुंगाचा. १८१८ साली तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात त्र्यंबकचा किल्ला पडला आणि त्यापाठोपाठ आसपासचे सतरा किल्ले इंग्रजांच्या ताब्यात आले, त्यात हरिहरही होता. कॅप्टन ब्रिग्ज नावाचा अधिकारी ते बघायला हिंडला. भिंतीला लावलेल्या शिडीसारख्या हरिहरच्या पायऱ्या बघून तो इतका थक्क झाला की त्याने ते लिहून ठेवलं. त्या पायऱ्या वाचल्या. सगळ्यांचं नशीब तेवढं नव्हतं. मराठे पुन्हा गडावर जाऊन बसू नयेत म्हणून इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. इगतपुरी-अकोल्याच्या हद्दीवरचे अलंग आणि मदन ही त्याची ठळक उदाहरणं. पायऱ्या येतात येतात आणि मध्येच संपतात. पुढे नुसता कडा, मग वर पुन्हा पायऱ्या.

आज वीकेंडला 'एएमके' करायला जाणारे ट्रेकर्स नेमके त्या तुटक्या जागी दोर लावून चढतात. म्हणजे आपण ज्याला थरारक टेक्निकल पॅच म्हणतो, तो इंग्रज फौजेने केलेल्या नासधुशीचा उरलेला भाग आहे. कुणाच्या बापजाद्यांचा रोजचा रस्ता तो. आता तिथे दोर लावायला मेखा लागतात. म्हणजे छिन्नी, त्यावर सुरुंग आणि त्यावर बोल्ट असे तीन काळ एकाच पंचवीस-तीस फुटांत बघायला मिळतात.

तिसरा हात क्लाइंबरचा. आणि इथे एक परदेशी पाहुणा येतो.

डग स्कॉट हे नाव क्लाइंबिंगवाल्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. २४ सप्टेंबर १९७५ ला डग स्कॉट आणि डुगल हॅस्टन हे एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीने माथ्यावर पोचले. एव्हरेस्ट चढलेले ते पहिले ब्रिटिश. १९७७ मध्ये काराकोरममधल्या 'ओगर' शिखरावरून उतरताना स्कॉटचे दोन्ही पाय मोडले, आणि तो पठ्ठ्या गुडघ्यांवर रांगत खाली आला. हा माणूस नोव्हेंबर १९८६ मध्ये हरिहरला आला आणि गडाच्या पायऱ्या सोडून त्याने पलीकडचा सुमारे १७० मीटरचा कडा चढला. दोन दिवस लागले. तेव्हापासून त्या कड्याचं नाव पडलं 'स्कॉटिश कडा'. आता स्कॉट हा स्कॉटलंडचा नव्हता, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा होता. पण 'स्कॉटचा कडा' म्हणण्याऐवजी आपण त्याचा 'स्कॉटिश' करून टाकला. २०२० मध्ये तो वारला. मला हे चुकीचं नाव फार आवडतं. दगडाला काही न करता दगडावर राहिलेली ही एकमेव खूण असावी.

स्कॉटच्या पिढीत क्लाइंबिंगच्या जगात एक मोठी उलथापालथ झाली होती, तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत इव्हॉन शुइनार्ड नावाचा तरुण १९५७ पासून स्वतः भट्टीवर पिटॉन, म्हणजे कड्याच्या भेगांत ठोकायच्या पोलादी मेखा बनवत होता. जुन्या मेखा मऊ लोखंडाच्या असत, एकदा ठोकल्या की तिथेच राहत. याच्या मेखा कडक पोलादाच्या. ठोका, काढा, पुन्हा वापरा. इंजिनिअरच्या दृष्टीने उत्तम सुधारणा! १९७० पर्यंत त्याची कंपनी अमेरिकेत क्लाइंबिंगचं सामान विकणारी सर्वांत मोठी कंपनी झाली होती. आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की योसेमिटीच्या लोकप्रिय वाटांवर त्याच भेगांत हजारो वेळा मेखा ठोकून आणि उपसून दगड फुटायला लागलाय. बोटभर भेगांची भगदाडं झाली होती.

मग या माणसाने आणि त्याचा भागीदार टॉम फ्रॉस्ट याने काय करावं? १९७२ च्या कॅटलॉगमध्ये त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं की मेखा ठोकणं सोडा. हातोड्याऐवजी भेगेत नुसते अडकवायचे आणि हाताने काढून घ्यायचे ॲल्युमिनियमचे नट वापरा. त्याच कॅटलॉगात डग रॉबिन्सनचा लांबलचक निबंध होता. 'क्लीन क्लाइंबिंग' ही कल्पना तिथून रुजली. आपल्याच सर्वाधिक खपाच्या मालाविरुद्ध जाहिरात करणारी कंपनी तुम्ही पाहिली आहे का? (याच माणसाने पुढे पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढली आणि २०२२ मध्ये तिची मालकी पृथ्वीच्या कामासाठी देऊन टाकली.) नटाची कल्पना मुळात ब्रिटिशांची. वेल्समध्ये कड्याकडे जाताना तिथले लोक रेल्वेच्या रुळाकडेला पडलेले खरेखुरे लोखंडी नट उचलत, त्यांत दोरी ओवत आणि भेगेत अडकवत. जुगाड हा शब्द त्यांच्याकडे नाही, जुगाड मात्र होता.

ही गोष्ट आपल्याकडच्या क्लाइंबरला फार भावते आणि भावावीच. पण इथे पहिली अडचण येते. योसेमिटी म्हणजे ग्रॅनाइट. शेकडो फूट सलग, समांतर, स्वच्छ भेगा. नट अडकवायला देवानेच दिलेल्या खाचा. आपल्याकडे? वर सांगितलं तसं, थरांचा बेसाल्ट. भेग वीस फुटांवर संपते, पुढे भाकरीसारखा दगड, मग घट्ट पण सपाट भिंत. तिथे नट अडकवायला काही नाही. दोर अडवायला काहीतरी हवं, नाहीतर पडलं की संपलं. म्हणून सह्याद्रीत कडे आणि सुळके सर झाले ते मुख्यतः मेखा आणि एक्स्पान्शन बोल्टच्या जोरावर. एका हाताने लोंबकळत दुसऱ्या हाताने भोक पाडायचं, त्यात बोल्ट ठोकायचा. त्या काळात परदेशी सामान मिळत नसे आणि मिळालं तर परवडत नसे. मुंबई-पुणे-नाशिकच्या पोरांनी असेल त्या सामानावर जे केलं ते बघून आजही टोपी काढावीशी वाटते.

पण त्याचं पुढे काय होतं तेही बघा. साध्या लोखंडाचा बोल्ट आपल्या पावसात काही वर्षांत गंजतो. बाहेरून दिसतो ठीक, आत सडलेला. पाच-सात वर्षांनी नवी टीम येते. जुन्या बोल्टवर जीव कसा टाकायचा? बरोबर आहे. मग त्याच्या शेजारी नवा. त्यानंतरची टीम आणखी एक. अशा जागी कातळाचं पाट्याच्या दगडासारखं टाकलेलं अंग दिसतं. आणि प्रत्येक भोकातून पाणी मुरतं ते वेगळंच. आपल्या भाषेत सांगायचं तर जुना कोड काढायची कुणाची हिंमत नाही, म्हणून प्रत्येकजण शेजारी स्वतःचं फंक्शन लिहून जातो.

बरं, काढून टाकले म्हणून भागतं असंही नाही. पॅटागोनियातल्या सेरो टोरे शिखरावर १९७० मध्ये चेझारे माएस्त्री या इटालियनाने चक्क पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर वर नेला आणि शेकडो बोल्ट मारले. कॉम्प्रेसर तिथेच कड्यावर लटकवून आला! २०१२ मध्ये दोन तरुण क्लाइंबरांनी त्यातले शंभराहून अधिक बोल्ट उपटले. जगभर भांडण पेटलं: मारणारा गुन्हेगार की काढणारा? त्या भांडणाचा निकाल काहीही लावा, भोकं तिथेच आहेत. दगडाला रिव्हर्ट नसतो.

मग सह्याद्रीत क्लाइंबिंग बंदच करावं का? मला तसं वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की बाहेरून आणलेला 'खूण ठेवू नका' हा नियम आपल्या दगडावर तसाच्या तसा बसत नाही. आपल्याला खूण ठेवावीच लागते. प्रश्न असा की ती किती, कशी आणि एकदाच की दर पाच वर्षांनी. इथे हरिहरची शिडी कोरणाऱ्यांचं ऐकावं. वाट एकच, पण पक्की. गंजणाऱ्या दहा बोल्टांऐवजी चांगल्या स्टेनलेस स्टीलचे किंवा रसायनाने दगडात चिकटवलेले दोन बोल्ट, सगळ्या संस्थांनी मिळून ठरवलेल्या जागी, आणि कोणते कधी मारले याची नोंद. यात अवघड काही नाही. फक्त आपापल्या क्लबचं नाव जरा बाजूला ठेवावं लागेल. (हे वाक्य लिहायला सोपं आहे याची मला कल्पना आहे.)

इथवर झाला पहिल्या मेखेचा इतिहास. आता दुसरी.

कडा रिकामा नसतो. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांवर गिधाडं राहतात. आपल्याकडचं लांब चोचीचं गिधाड घरटं करतं ते कड्याच्या कपारीतच. नाशिकला गिधाडाचं नातं जुनं. सीतेसाठी रावणाशी लढलेला जटायू जिथे पडला ते सर्वतीर्थ टाकेद इथूनच जवळ, इगतपुरी तालुक्यात. त्याच्या वंशजांवर मात्र रावणाहून वाईट संकट आलं. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं भराभर मरायला लागली. कारण सापडलं २००४ मध्ये: गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत लांब चोचीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. शंभरातली तीन उरली! २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या दोघांवरही. नाशिकच्या वनखात्याने हरसूलजवळ खोरीपाड्याला 'गिधाड रेस्टॉरंट' सुरू केलं, म्हणजे औषधाचा अंश नसलेली मेलेली जनावरं गिधाडांसाठी ठेवण्याची जागा. गावकऱ्यांनी ते मनावर घेतलं.

आता गिधाडाचं वेळापत्रक बघा. घरटी करण्याचा आणि अंड्यावर बसण्याचा काळ साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. अंडं एकच. दीड-पावणेदोन महिने उबवायचं आणि मग पिल्लू उडेपर्यंत आणखी तीन-चार महिने. म्हणजे एप्रिल-मे उजाडतो. एका जोडीचं वर्षाचं एवढंच उत्पन्न.

आणि सह्याद्रीत क्लाइंबिंगचा सीझन कधी? पाऊस संपला, दगड वाळला, ऊन कोवळं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

ही ती मेख.

दोर लावून खाली येणारा माणूस गिधाडाला काही करत नाही. दगड मारत नाही, अंडं चोरत नाही. तो फक्त तिथे असतो, हातोड्याचा ठणठणाट करत, खाली उभ्या मित्रांना "स्लॅक दे रे" म्हणून ओरडत. पक्षी उठतो. अंडं उघडं पडतं. चारदा असं झालं की वर्ष वाया. कड्याखालच्या क्लाइंबरला यातलं काही कळत नाही. तो घरी येऊन फोटो टाकतो: 'निसर्गाच्या सान्निध्यात'.

बरं, मग पावसाळ्यात जावं? पावसाळ्यात अंजनेरीच्या माथ्यावर दुसराच भाडेकरू येतो. 'सेरोपेजिया अंजनेरिका' हे कंदीलपुष्पाचं झुडूप. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली, नावच अंजनेरीवरून ठेवलं. मुरमाड, गवताळ जागी उगवणारं वीतभर रोपटं. कंदिलासारखं फूल छोट्या माशीला आत घेतं, आतल्या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. केस कोमेजले की ती सुटते आणि परागकण घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. इतकी नाजूक यंत्रणा, आणि तिच्यावर बुटाचा एक पाय पडला की खेळ खलास. बोल्डरिंगवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. आपण कड्याला भोक पाडत नाही म्हणून आपली कॉलर ताठ असते. पण धोंड्याखाली गादी टाकायला जी चार बाय सहाची जागा आपण तुडवतो, आणि पकड साफ करायला तारेच्या ब्रशने जे शेवाळ खरवडतो, तेही कुणाचं तरी घर असतं.

म्हणजे पावसाळा फुलांचा, हिवाळा गिधाडांचा. आपल्याला उरला उन्हाळा, तोही तापलेल्या काळ्या दगडावर! हसू येतं खरं, पण यातूनही वाट निघते, आणि ती आधी कुणीतरी काढलेली आहे.

योसेमिटीचंच उदाहरण पुन्हा घेतो. डीडीटीमुळे तिकडे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती. १९७० च्या सुमारास अख्ख्या कॅलिफोर्नियात बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये तिकडे डीडीटीवर बंदी आली. (डीडीटी आणि ससाणा, डायक्लोफिनॅक आणि गिधाड. गोष्ट तीच, पात्रं वेगळी.) पण नुसत्या बंदीने भागणार नव्हतं. शास्त्रज्ञांना घरट्यांपर्यंत पोचायचं होतं आणि घरटी होती एल कॅपिटानसारख्या हजारो फुटी भिंतींवर. तिथे कोण जाणार? क्लाइंबर. त्यांनी दोरावरून जाऊन पातळ अंडी अलगद काढली, जागी खोटी अंडी ठेवली, आणि प्रयोगशाळेत वाढलेली पिल्लं परत नेऊन घरट्यात सोडली. १९९९ मध्ये हा ससाणा तिकडच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला. आजही योसेमिटीत विणीच्या हंगामात घरटी असलेले कडे तेवढे बंद ठेवतात. अख्खं खोरं नाही, तेवढेच कडे. घरटं रिकामं झालं की पुन्हा खुले.

आपल्या क्षेत्रातल्यांना ही कल्पना नवी नाही. डिसेंबरअखेर आपण कोड फ्रीझ करतोच की! त्या काळात कुणी प्रॉडक्शनला हात लावत नाही, आणि लावला तर मॅनेजर काय करतो ते माहीत आहे. गिधाडांचा फ्रीझ नोव्हेंबर ते मे, आणि फक्त घरटी असलेल्या कड्यांपुरता. बाकी सह्याद्री पडलाय की.

हे आत्ताच का लिहितोय? कारण अंजनेरीवर आता क्लाइंबरच्या बोल्टपेक्षा कितीतरी मोठ्या मेखांची टांगती तलवार आहे. २०१७ मध्ये अंजनेरीचा सुमारे पावणेसहा चौरस किलोमीटरचा भाग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, त्यामागे ही गिधाडं आणि हे कंदीलपुष्प होतं. त्यानंतरही गडावर गाडीरस्ता न्यायची टूम निघाली. पुढे केंद्राच्या 'पर्वतमाला' योजनेतून ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव आला. नाशिकच्या पर्यावरणवाल्यांनी दोन्हीला विरोध केला. भाविकांची सोय हा मुद्दा खोटा नाही, म्हाताऱ्या माणसांना दर्शन व्हावं असं कुणालाही वाटेल. पण रोपवेचा एकेक खांब ही कातळात ठोकलेली मेखच, आणि ती कुणी हाताने काढून घेणार नाही. शिवाय तारांच्या वाटेत उडणारा पक्षी कोणता, तर सात-आठ फुटांचे पंख पसरून कड्यालगत घिरट्या घालणारा. वर गर्दी गेली की काय होतं याचा नमुना हरिहरला आहेच: सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांवर अशी चेंगराचेंगरी व्हायला लागली की वनखात्याला निर्बंध आणावे लागले.

अशा वेळी क्लाइंबरचा आवाज महत्त्वाचा असतो, कारण कडा जवळून पाहिलेली माणसं मोजकीच. पण समोरून कुणी विचारलं, "तुम्ही वर भोकं पाडता ते चालतं, आमच्या म्हाताऱ्यांनी पाळण्यातून गेलेलं चालत नाही?" तर आपल्याकडे उत्तर हवं. "आम्ही निसर्गप्रेमी आहोत" हे उत्तर नव्हे. उत्तर असं हवं: हे बघा, आमच्या बोल्टांची नोंद. हे बघा, कोणता कडा आम्ही कोणत्या महिन्यात सोडतो. ही बघा, आम्ही मोजलेली घरटी.

शेवटचं काम सर्वांत सोपं आहे आणि या हिवाळ्यात कुणीही करू शकतं. गिधाडाचं घरटं शोधायला चढावं लागत नाही. कपारीखाली चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ दिसतात, ती त्यांची विष्ठा. पायथ्यापासून बऱ्याच लांब बसायचं, दुर्बीण लावायची, ओघळ मोजायचे, तारीख लिहायची, आणि वनखात्याला किंवा ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाला कळवायचं. पांढरा ओघळ दिसला तर त्या कड्यावरचा दोर मे संपेपर्यंत पिशवीतच ठेवायचा. नाही दिसला तर परवानगी काढा, हेल्मेट घाला आणि खुशाल चढा.

असो. बाकीचं पुन्हा कधीतरी. चहा गार झाला असेल.